विंचूदंशावर ब्लडप्रेशरची गोळी का देतात?

कोकणात विंचू चावलेल्या लहान मुलाला दवाखान्यात नेले की बहुतेक वेळा डॉक्टर एक छोटी गोळी देतात. तिचे नाव प्राझोसिन. घरातील कोणी पाकिटावरचे नाव शोधून पाहिले, तर ही ब्लडप्रेशरची गोळी असल्याचे कळते. मग साहजिकच प्रश्न पडतो, 'सात वर्षांच्या पोराला बीपीची गोळी कशासाठी? विषावर इंजेक्शन का नाही?'

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कोकणी घराला माहीत असायला हवे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडापासून राजापूरपर्यंत, लाल विंचू आढळतो. त्याचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. वेळेत आणि योग्य उपचार झाले, तर जवळजवळ सर्व रुग्ण बरे होतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- लाल विंचवाच्या विषामुळे शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था बेफाम होते. धोका त्यामुळे निर्माण होतो.
- उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाला आलेला ताठरपणा ही धोक्याची लक्षणे आहेत.
- वेदना कमी झाली म्हणजे विष उतरले असे नाही.
- प्राझोसिन घेतल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. मुलाला कडेवर घेऊ नये, उभे करू नये.
- ही गोळी घरी, स्वतःच्या मनाने देऊ नये.

कोणता विंचू धोकादायक?

आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, पुढचे चिमटे जाडजूड असलेला. तो पाहून घाबरायला होते, दंशाने वेदनाही होतात, पण जिवाला धोका सहसा नसतो. दुसरा लहान, लालसर तपकिरी रंगाचा. त्याचे चिमटे बारीक आणि शेपटी त्यामानाने जाड असते. हा लाल विंचू. शास्त्रीय भाषेत हॉटेन्टोटा टॅम्युलस, जुन्या लिखाणात मेसोब्युथस टॅम्युलस.

म्हणजे दिसायला भीतीदायक तो कमी घातक आणि किरकोळ वाटणारा तो जास्त घातक, असा हा प्रकार आहे. विंचू पाहिला असेल तर त्याचे वर्णन डॉक्टरांना सांगा. पण त्याला शोधण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. उपचार विंचवाच्या रंगावर ठरत नाहीत, रुग्णाच्या लक्षणांवर ठरतात.

शरीरात नेमके काय होते?

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल ही कामे आपण विचार न करता चालू असतात. ती सांभाळणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. सिंपथेटिक भाग गाडीच्या अॅक्सिलरेटरसारखा. धावताना, घाबरल्यावर तो ठोके वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. पॅरासिंपथेटिक भाग ब्रेकसारखा. तो ठोके कमी करतो, लाळ आणि पचनाचे काम वाढवतो. एरवी दोघांचा समतोल असतो.

नसांमधून संदेश जाताना सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात आणि लगेच बंद होतात. लाल विंचवाचे विष ही दारे नीट बंद होऊ देत नाही. त्यामुळे नसा पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतात आणि दोन्ही भाग एकाच वेळी चेकाळतात. वैद्यकीय भाषेत याला ऑटोनॉमिक स्टॉर्म, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ म्हणतात.

वादळाचा पहिला टप्पा बहुधा उलट्या, लाळ, कपडे भिजतील इतका घाम आणि कधी मंद झालेले ठोके असा असतो. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंगाला ताठरपणा येतो. हे लक्षण सांगायला घरच्यांना संकोच वाटतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. ते लपवू नका.

त्यानंतर सिंपथेटिक भागाचा जोर वाढतो. अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन ही रसायने रक्तात भरमसाट सोडली जातात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ते थंडगार पडतात. रक्तदाब चढतो, ठोके वाढतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय दमते. मग रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि तिथे पाणी साठते. रुग्णाला दम लागतो, खोकला येतो, तोंडातून गुलाबी फेस येऊ शकतो. पुढे रक्तदाब कोसळतो. विंचूदंशाने होणारे मृत्यू मुख्यतः असे, हृदय आणि फुप्फुसांवरील ताणामुळे होतात.

हा सगळा प्रवास काही वेळा अर्ध्या तासात होतो, काही वेळा अनेक तासांनी. म्हणूनच 'आता बरा दिसतोय, सकाळी बघू' असे म्हणून थांबणे धोक्याचे आहे.

वेदनेवरून अंदाज बांधू नका

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. चावलेल्या जागी असह्य कळ आहे, मूल रडून आकांत करते आहे, पण हातपाय गरम आहेत, घाम आणि उलटी नाही, तर तो दंश बहुधा सौम्य असतो. याउलट वादळ सुरू झालेल्या रुग्णात वेदना कमी असू शकते किंवा अजिबात नसते. मूल शांत पडते, घामाने भिजते, हातपाय गार पडतात. घरच्यांना वाटते, कळ थांबली, विष उतरले.

'विंचू उतरवणाऱ्या' माणसावर लोकांचा विश्वास का बसतो, याचे उत्तरही यातच आहे. बरेचसे दंश सौम्य असतात आणि त्यांची कळ काही तासांत आपोआप कमी होते. श्रेय मंत्राला मिळते. पण दंश गंभीर असेल, तर मंत्र चालू असताना थांबलेली कळ ही बरे होण्याची नव्हे, धोक्याची खूण असू शकते. त्या दोन-तीन तासांची किंमत मोठी असते.

उपचार लागू पडून वादळ शमले की हातपाय गरम होतात आणि अनेकदा चावलेल्या जागी कळ पुन्हा सुरू होते. दवाखान्यात मूल पुन्हा रडू लागले की नातेवाईक घाबरतात. अशा वेळी नर्स हातपाय चाचपून 'चांगले लक्षण आहे' म्हणाल्या, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हा उपचार महाडमधून आला

लाल विंचवावरील आजच्या उपचारांचा पाया कोकणातच घातला गेला. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकापासून विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली. कोणत्या लक्षणांनंतर हृदयाला धोका होतो, यावरील त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा वापर केला आणि १९८६ साली त्याबद्दलही 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली.

फरक किती पडला? प्राझोसिनच्या आधीच्या काळात पश्चिम भारतातील दवाखान्यांत गंभीर विंचूदंशाच्या १०० रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत असल्याची नोंद आहे. प्राझोसिनचा वापर रुळल्यावर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आले. गोळी जुनी होती, स्वस्त होती आणि उच्च रक्तदाबासाठी बाजारात उपलब्धच होती. विष शरीरात काय करते हे नीट समजल्यामुळे तिचा हा नवा उपयोग सापडला.

प्राझोसिन काय करते?

रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर अल्फा रिसेप्टर नावाची जणू कुलुपे असतात. नॉरअॅड्रिनॅलिनची किल्ली या कुलपात फिरली की वाहिनी आवळते. प्राझोसिन त्या कुलपात आधीच जाऊन बसते. किल्ली फिरत नाही, वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो आणि हातापायांत पुन्हा रक्त खेळू लागते.

म्हणजे ही गोळी विष नष्ट करत नाही. विषाने शरीराकडून जो अतिरेक करून घेतला आहे, तो ती थोपवते. म्हणूनच बीपी फार वाढलेले नसले तरी हातपाय गार आणि घामेजलेले असतील, तर डॉक्टर ती देतात.

लहान मुलांमध्ये मात्रा वजनानुसार ठरते, साधारणपणे एका किलोला ३० मायक्रोग्रॅम. १० किलोच्या मुलाला हे एका मिलिग्रॅमच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. गोळीचा असर काही तासच टिकतो. त्यामुळे हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा देतात. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर नाकातून पोटात घातलेल्या नळीने औषध देतात.

इथे साधी गोळीच वापरतात. बाजारात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या मोडून किंवा कुटून देता येत नाहीत आणि या कामासाठी योग्य नाहीत. घरात आजोबांची बीपीची गोळी आहे म्हणून तिचा तुकडा मुलाला देणे या एका कारणासाठीसुद्धा चुकीचे आहे.

वॉर्डमध्ये नर्स काय पाहतात आणि तुम्ही काय करावे

या उपचारात औषध जितके महत्त्वाचे, तितकेच लक्ष ठेवणेही महत्त्वाचे आहे. सुरुवातीचे तीन तास साधारण दर अर्ध्या तासाने, नंतर दर तासाने नाडी, रक्तदाब आणि श्वास तपासतात. हातापायांना हात लावून ते गार आहेत की गरम, ओले आहेत की कोरडे हे पाहतात. छातीत पाण्याचा आवाज येतो का ते ऐकतात. लघवी किती झाली याची नोंद ठेवतात. रात्री पुन्हा पुन्हा उठवतात म्हणून चिडू नका. त्या नोंदींवरच पुढची मात्रा ठरते.

नातेवाइकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात:

- रुग्णाला आडवे ठेवा. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास किंवा उभे राहिल्यास रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येते, शुद्ध हरपू शकते. रडणाऱ्या मुलाला आई उचलून खांद्याशी धरते, ते स्वाभाविक आहे. पण या काही तासांत त्याच्या शेजारी आडवे होऊन जवळ घ्या.
- लघवीला उठवू नका. बेडपॅन किंवा भांडे मागा.
- पाणी किती गेले ते सांगा. घाम आणि उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते. ते भरून काढल्याशिवाय ही गोळी रक्तदाब जास्तच खाली आणू शकते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ओआरएस घोटघोट पाजा.
- गोळीनंतर उलटी झाली तर लगेच कळवा. मात्रा पोटात राहिली की नाही, हे नर्सना समजायला हवे.
- दम, खोकला किंवा फेस दिसला तर त्या क्षणी हाक मारा. दम लागलेल्या रुग्णाला कसे ठेवायचे हे कर्मचारी ठरवतील. फुप्फुसात पाणी झाल्यास ऑक्सिजन आणि शिरेतून देण्याची वेगळी औषधे लागतात. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात हलवावे लागू शकते.

विंचवाची लस आणि प्राझोसिन

लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. मुंबईच्या हाफकिनने ते तयार केले. लोक त्याला 'विंचवाची लस' म्हणतात, पण ती आधी टोचून घ्यायची लस नाही. दंशानंतर शिरेतून द्यायचे औषध आहे. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते, म्हणून जितक्या लवकर दिले तितका उपयोग जास्त.

महाड येथे बावस्कर दांपत्याने केलेला आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत उपयुक्त आहे. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिले, निम्म्यांना केवळ प्राझोसिन. १० तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ३२ होते आणि दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. म्हणजे प्रतिविष मिळाले तर रुग्ण लवकर सावरतो. मात्र ते जवळ उपलब्ध नसेल, तर त्याची वाट पाहत प्राझोसिन थांबवत नाहीत. सर्पदंशाचे प्रतिविष विंचवाच्या विषावर चालत नाही.

'सलाईनमध्ये एखादे जोरदार इंजेक्शन द्या' असा आग्रह नको

स्वायत्त मज्जासंस्थेवर काम करणारे चुकीचे औषध वादळ वाढवू शकते.

- अॅट्रोपिन ब्रेकचे काम बंद करते. अॅक्सिलरेटर आधीच दाबलेला असताना ब्रेक काढला, तर ठोके आणखी वाढतात.
- प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर दमलेल्या हृदयाचा जोर कमी करतात, पण आवळलेल्या वाहिन्या सैल करत नाहीत. त्यामुळे फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.
- स्टेरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शने पूर्वी सर्रास दिली जात. विंचूदंशाच्या वादळावर त्यांचा फायदा होत नाही.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आंबा-काजूच्या बागेत फवारणी करताना होणाऱ्या काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही घाम, लाळ आणि उलट्या होतात. तिथे मात्र अॅट्रोपिनच जीव वाचवते. लक्षणे सारखी, उपचार उलटे. म्हणून बागेत काम करताना काही चावल्याची शंका असेल, तर त्या दिवशी फवारणी केली होती का, कोणते औषध होते, हेही डॉक्टरांना सांगा.

केवळ कळ असेल, बाकी लक्षणे नसतील, तर पॅरासिटामॉल किंवा चावलेल्या जागेभोवती भूल देण्याचे इंजेक्शन पुरते. पण धोक्याची लक्षणे उशिराही दिसू शकतात, म्हणून काही तास देखरेखीखाली ठेवतात. लहान मुलांना सहसा २४ तास.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

१. चावल्याची वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवा.
२. जागा साबण-पाण्याने धुवा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा.
३. रुग्णाला चालवू नका. मिळेल ते वाहन घ्या किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
४. हातापायांना हात लावून पाहा. गार लागले, घाम किंवा उलटी झाली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ताबडतोब न्या. पहिली मात्रा तिथे घेऊन मग पुढे जाणे हिताचे असते.
५. लहान मुलाला लक्षणे नसली तरी दाखवा.

जागा कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी बांधणे, पाला-चुना लावणे यांचा उपयोग नाही. त्याने जखम होते आणि वेळ जातो.

रुग्ण आधीपासून औषधे घेत असेल तर

बीपी किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या, दम्याचे पंप, लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिल ही सर्व औषधे रक्तवाहिन्यांवर, ठोक्यांवर किंवा रक्तदाबावर परिणाम करतात. प्राझोसिनसोबत त्यातील काहींमुळे रक्तदाब फार खाली येऊ शकतो. औषधांची पिशवी सोबत न्या. बाई गरोदर असेल तर तेही आधीच सांगा.

विंचू घरात येऊ नये म्हणून

विंचू रात्री बाहेर पडतो. जांभ्या दगडाचे गडगे, चिऱ्यांचे ढीग, लाकडे, शेण्या, पेंढा, जुनी कौले ही त्याची लपण्याची ठिकाणे. घराला टेकून असे ढीग रचू नका. भिंतींच्या भेगा बुजवा. भातकापणीला, पेंढा उचलताना किंवा दगड हलवताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. अंथरूण आणि कपडे झटका, बूट-चप्पल उलटी आपटून मग पाय घाला. शक्यतो खाटेवर झोपा आणि रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ही गोळी घरी आणून ठेवावी का?*
नाही. मात्रा चुकली किंवा शरीरात पाणी कमी असताना दिली, तर रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरू शकतो. त्याऐवजी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का आणि रात्री कोण उपलब्ध असते, हे आजच विचारून ठेवा.

*बरे झाल्यावर बीपीची गोळी कायम घ्यावी लागते का?*
नाही. वादळ शमले की गोळी बंद होते. ती विषाच्या परिणामापुरतीच असते.

*एकदा चावला की पुढच्या वेळी विष बाधत नाही, हे खरे का?*
यावर विसंबू नका. प्रत्येक दंशाला नवीन दंश समजून लक्षणे तपासा.

या लेखातील एकच गोष्ट घरातल्या सर्वांना सांगायची असेल, तर ही सांगा: विंचू चावल्यावर 'दुखतंय का?' एवढेच विचारून थांबू नका, हातपाय गार आहेत का ते हात लावून पाहा. गार असतील तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

*हा लेख माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचार तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.*